तहकूब सभेची सतरंजी

वृषालीचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या थोडं अलीकडे. नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे ग्रामसभेचा विषय निघणार आहे आणि त्यातली माणसं अजून तिथंच नांदतात. भूकंपानंतर गाव उठून माळावर आलं. एका मापाची घरं मिळाली, पट्टीनं आखल्यासारखे रस्ते मिळाले. वृषाली जन्मली ती मधल्या काळात, पत्र्याच्या शेडमध्ये. तिची आई मुक्ताबाई सांगते, शेडमध्ये उकाडा इतका होता की ही पोरगी रडण्याऐवजी थेट भांडायलाच लागली. ती सवय तिनं पुढेही मोडली नाही.

पुण्यात दहा वर्षं संगणकाची नोकरी करून ती घरी परतली, आणि आतल्या खोलीत पंख्याखाली टेबल टाकून बसली. तिचं नेमकं काय चालतं, हे गल्लीत कुणालाच कळत नव्हतं. शेजारच्या धुरपदाबाईनं एकदा विचारलंच.

"वृषी काय करती गं घरी बसून?"

"मतदान घेती," मुक्ताबाई तुरीच्या शेंगा निवडत म्हणाली.

"कशाचं?"

"जगाचं."

"मग बूथ कुठं हाय?"

"आतल्या खोलीत. चप्पल काढून जावं लागतं."

मुक्ताबाईच्या सांगण्यात फारशी चूक नव्हती. वृषाली ज्या ब्लॉकचेनचं काम करायची, ती म्हणजे एक मोठी वही. कुणी कुणाला काय दिलं, कुणाचं काय कुणाकडे आहे, हे तिच्यात लिहिलेलं. पण वही कचेरीतल्या कपाटात नाही. जगभरातल्या आठशे माणसांच्या संगणकांवर तिच्या आठशे नकला. एकानं खाडाखोड केली तर बाकीच्यांच्या नकला त्याला खोटं पाडणार. आयुष्यात एकदा तरी सातबारा दुरुस्त करायला गेलेल्या माणसाला ही कल्पना चटकन पटते.

मूळ वहीचं नाव होतं ऑर्चर्ड. ती काढणारा सिमॉन नावाचा गृहस्थ. सभेत बोलायला लागला की लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. मग एका चोराला वहीत भोक सापडलं आणि त्यानं पुष्कळांच्या नावावरचं आपल्या नावावर ओढून घेतलं. सिमॉननं खिशातून एक किल्ली काढली. अशी किल्ली आहे हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. त्या किल्लीनं त्यानं अख्खी वही एक दिवस मागं फिरवली. ज्यांचं गेलेलं परत आलं त्यांनी पेढे वाटले असतील. पण काही जण म्हणाले, एका माणसाला वही मागं फिरवता येत असेल तर आठशे नकला काय आरतीला ठेवल्यात? यांत सगळ्यात मोठा आवाज होता वृषालीचा. तिचं म्हणणं चार ओळींत बसण्यासारखं होतं, ते तिनं चाळीस परिच्छेदांत लिहिलं.

वही फुटली. त्या दिवसापर्यंतचा मजकूर दोन्हीकडे तोच, पुढचा वेगळा. गावातलं लेझीम मंडळ फुटलं तेव्हा दोन्ही मंडळांनी तेच नाव लावलं आणि एका हलगीवरून वर्षभर बोलाचाली बंद ठेवली, त्यातलाच हा प्रकार. सिमॉनच्या बाजूला नाव राहिलं, वृषालीच्या बाजूला तत्त्व. नव्या वहीला नाव हवं होतं. तिनं सुचवलं, पेव. जमिनीखाली धान्य साठवायचा खड्डा, जुन्या गावात होता. परदेशातल्या मंडळींना नाव आखूड आणि गंभीर वाटलं, म्हणून मंजूर झालं.

आता नियम कोण लिहिणार? स्वातंत्र्यावर बोलायला रोज पन्नास जण यायचे. नियम लिहायचा विषय निघाला की कुणाच्या घरी पाहुणे यायचे, कुणाचं मांजर आजारी पडायचं. शेवटी वृषालीनं एका दुपारी बसून सगळे नियम लिहून काढले. एक संगणक, एक मत. पाव लोकांनी मत दिलं तरच ठराव ग्राह्य. कोरम भरला नाही तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही, येतील तेवढ्यांच्या मतानं निकाल.

हे शेवटचं कलम लिहिताना तिनं क्षणभरही विचार केला नाही. तिचे वडील श्रीपती तीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई होते. ग्रामसभेच्या दिवशी ते चावडीपुढच्या लिंबाखाली सतरंजी अंथरायचे. सरपंच, ग्रामसेवक आणि एखादं कुत्रं एवढी उपस्थिती झाली की ग्रामसेवक घड्याळ बघायचा, म्हणायचा, "कोरम न्हाय. तहकूब." मग श्रीपती सतरंजी उचलायचे, दोनदा झटकायचे आणि त्याच जागी पुन्हा अंथरायचे. झाली तहकूब सभा सुरू. लहानपणी वृषालीला वाटायचं, सभा सतरंजी झटकल्यानंच कायदेशीर होते. मोठेपणी ते वाटणं गेलं, पण सभा अशाच चालतात, साऱ्या पृथ्वीवर चालतात, हे डोक्यात पक्कं बसलेलं राहिलं.

पोर्तुगालच्या इनेशनं कलम वाचून लिहिलं, "फार सुंदर." पोलंडच्या मारेकनं न वाचताच अंगठा दिला. बाकीच्यांनी मारेकचा अंगठा पाहून दिला.

आणखी एक गोष्ट होती, ती वृषाली फारशी बोलून दाखवत नसे. नवी वही कोवळी आहे, काही विपरीत घडलं तर असावी, म्हणून कुठलाही ठराव रोखणारी एक किल्ली तिच्याकडे ठेवली होती. तात्पुरती. तिचं तात्पुरतेपण तिसऱ्या वर्षात गेलं होतं.

माघात हुरडा संपत आला असताना पेववर एक ठराव आला. हार्बर नावाच्या कंपनीनं फार अदबीनं लिहिलं होतं की आठशे लोकांनी घरी संगणक चालवत बसायचं, वीज जाळायची, हा त्रास कशाला? सगळ्या नकला आमच्या यंत्रांवर ठेवू, आम्ही सांभाळू. हार्बरनं पेवमध्ये चाळीसेक संगणक आधीच लावून ठेवले होते. मतदान झालं. नेहमीप्रमाणे कोणी आलं नाही. हार्बरवालेही आले नाहीत. सभा तहकूब झाली.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी सकाळी वृषाली चहाचा कप घेऊन टेबलाशी बसली आणि आकडे पाहून कप तसाच हातात राहिला. बाजूनं चाळीस, विरुद्ध एक. तो एक मारेक. मतदान संध्याकाळी चारला संपणार होतं. तिचं कलम साऱ्या जगात एकाच माणसानं नीट वाचलं होतं, आणि तो हार्बरचा वकील होता.

मारेकचा फोन आला. "किल्ली वापर," तो म्हणाला.

"ती त्यासाठी नाही."

"मग कशासाठी आहे? लग्नात घालायला?"

"मारेक, मी ती फिरवली तर मी आणि सिमॉन यांत फरक काय? आपण वेगळे झालो ते कशावरून?"

"आणि नाही फिरवलीस तर चारनंतर आपण कुणीच नाही."

मारेक खरं बोलत होता, म्हणून तिनं फोन जरा आपटूनच ठेवला. गटावर तिनं मोठा निरोप टाकला: पेवचा प्रश्न आहे, सगळ्यांनी कृपया मत द्या. थोड्या वेळानं पाहिलं तर निरोपाखाली सव्वीस अंगठे, पाच हात जोडलेले आणि मत एकही नाही.

मुक्ताबाई दारात सूप घेऊन उभी होती. पोरीचं तोंड बघून तिनं विचारलं, "काय झालं?"

"कोणी येईना गं सभेला."

"बोलावलंस का?"

"गटावर टाकलंय."

"गटावर टाकलं व्हय?" मुक्ताबाईनं बचत गट चौदा वर्षं चालवला होता. "मग कोण येतंय. आण्णाला विचार."

श्रीपती ओसरीवर खाटेवर बसून पेपरातलं कोडं सोडवत होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा हात अधूनमधून कमरेकडे जायचा. तिथं करदोऱ्याला पंचायतीच्या कपाटाची किल्ली असायची. कपाटात सतरंजी आणि एक फुटका माईक सोडून काही नव्हतं, पण किल्ली द्यायच्या दिवशी म्हातारा जेवला नव्हता.

"आण्णा, खरंच गरज असली म्हणजे तुम्ही माणसं कशी गोळा करत होता?"

"कवा? ती पाणी योजनेच्या वक्ताला?"

"हो."

"घरोघर जायचं. सगळे आलेत, फकस्त तुमच्यासाठी थांबलेत, असं म्हणायचं."

"आणि खरंच आलेले असायचे?"

श्रीपतींनी चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. "आलेले असते तर म्या उन्हात फिरलो असतो का?"

वृषाली आत गेली आणि फोन करत सुटली. निरोप नाही, फोन. ब्राझीलच्या एका माणसाला तिनं पहाटे उठवलं. "सगळे आलेत, फक्त तुझ्यासाठी थांबलोय." तो म्हणाला, "अरे देवा, दोन मिनिटं दे." केनियातल्या बाई भाजी आणायला निघाल्या होत्या, त्या दारातून माघारी वळल्या. इनेशला ती म्हणाली, "तुझ्याशिवाय पुढं सरकत नाही गं." इनेशनं विचारलं, मागं कोण बोलतंय? मुक्ताबाई पडद्यासमोर येऊन उभी राहिली होती. "ही कोण? जेवली का ही?" इनेशला हातवाऱ्यांवरून प्रश्न कळला. तिनं पावाचा तुकडा उचलून दाखवला. मुक्ताबाईनं मान हलवली. "कोरडाच खाती. म्हणून मतं देईना."

ज्या वहीत एक खोटं अक्षर टिकू नये म्हणून आठशे नकला ठेवल्या होत्या, तिच्यासाठी वृषाली दुपारभर एकच खोटं बोलत राहिली. ते तिला टोचत होतं. पण किल्लीपेक्षा कमी टोचत होतं. खोटं ऐकून घरी बसायची मुभा ज्याला त्याला होती, किल्ली फिरली की कुणालाच नव्हती.

मध्ये लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि वायफाय मिळून चालेनात, म्हणून पंखा बंद झाला. श्रीपती आत येऊन वर्तमानपत्रानं वारा घालू लागले, लेकीला कमी आणि वायफायच्या डबीला जास्त. "गरम झाली तर बंद पडंल," ते म्हणाले. तिनं पुढचा नंबर लावला.

चारला मतदान संपलं. बाजूनं चाळीस, विरुद्ध त्रेपन्न. ठराव पडला.

गटावर आनंद झाला, आणि पाठोपाठ बोभाटा. ब्राझीलवाल्यानं लिहिलं, सगळ्यांना ताटकळत ठेवल्याबद्दल माफ करा, मी शेवटचा होतो. केनियातल्या बाई म्हणाल्या, नाही, शेवटची मी. इनेश म्हणाली, मला तर सांगितलं होतं की माझ्यावाचून अडलंय. एक्कावन्न जण आपण शेवटचे होतो म्हणून माफी मागत होते. मारेकला तेवढा फोन गेला नव्हता. त्यानं विचारलं, "वृषाली, ही पद्धत तू कुठं शिकलीस?"

"पाणीपुरवठा खात्यात," तिनं उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी हार्बरनं आपले चाळीसेक संगणक काढून नेले, आणि वृषालीनं स्वतःच ठराव मांडला. दोनच गोष्टी: तहकूब सभेचं कलम रद्द करावं, आणि तिच्याकडची किल्ली कायमची मोडावी. खाली तिनं लिहिलं की कलम माझ्या गावचं आहे, चूक माझी आहे. आणि किल्लीबद्दल मला सिमॉनवर चाळीस परिच्छेद लिहिता आले, स्वतःवर एक ओळ लिहायला तीन वर्षं लागली. मारेकनं खासगीत कळवलं, "मी विरुद्ध मत देणार. किल्ली कुणाकडे तरी लागतेच, आणि मला तू चालतेस."

"म्हणूनच मोडायची," ती म्हणाली. "सिमॉनही सगळ्यांना चालत होता."

या वेळी तिनं कुणाला फोन केला नाही. परत परत तीच थाप मारायची नव्हती, आणि आपली किल्ली मोडायला आपणच माणसं ओढून आणावीत हेही तिला बरं दिसेना. पहिल्या फेरीत पस्तीस अंगठे आणि नऊ मतं आली. कोरम भरला नाही. सभा तहकूब झाली.

वृषाली पडद्याकडे बघत बसली आणि मग हसायला लागली, ती थांबेचना. मुक्ताबाई हातातलं काम टाकून आली. "काय झालं गं?"

"आई, तहकूब सभा बंद करायचा ठराव आता तहकूब सभेत मंजूर होणार."

मुक्ताबाईला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. गावात दारूबंदीची बैठक कुठं भरली होती, हे तिला आठवत होतं.

दुसऱ्या फेरीच्या दिवशी श्रीपतींनी दुपारचं जेवण उरकलं, ओसरीवरची सतरंजी उचलली, अंगणात नेऊन दोनदा झटकली आणि परत आणून त्याच जागी अंथरली. धुरपदाबाईनं कुंपणावरून विचारलं, "धूळ लई झाली का हो?"

"न्हाय. सभा हाय."

ते वृषालीच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. निकाल लागला होता. बाजूनं अकरा, विरुद्ध एक. तिच्या संगणकातली किल्ली आता कशालाच लागत नव्हती. कुठं आवाज झाला नाही, काही तुटल्यासारखं दिसलं नाही. तिनं उगाच एकदा ती लावून पाहिली. पेवनं ओळख दिली नाही.

"किती आले?" श्रीपतींनी विचारलं.

"बारा."

"बरे हायेत की. आपल्याकडं कुत्रं धरून चार व्हायचे." त्यांचा हात कमरेकडे गेला आणि तिथून लेकीच्या खांद्यावर आला. "आज जेवून घे. म्या त्या दिवशी जेवलो न्हवतो, रातभर पित्त झालं."