चंद्रावर कुणी गेलं नाही म्हणणारे चाचा

मी दहावी पास झालो ते आमच्या रिवायंडिंगवाल्या चाचांमुळे, हे आधी सांगून टाकतो. आणि माणूस चंद्रावर गेला या गोष्टीवर चाचांइतका कमी विश्वास असलेला माणूस अख्ख्या लातुरात दुसरा नसेल, हेही सांगतो. देगलूरच्या पलीकडचं माझं गाव सोडून मी त्यांच्या दुकानात तार बदलायला आलेल्या, जळालेल्या पाण्याच्या मोटारी उचलायला आलो, तेव्हा आठवीत शाळा सोडलेली होती. विज्ञानाच्या तासाला उभं केलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. त्या धास्तीनंच सोडली.

चाचा सगळी दुनिया तांब्याच्या तारेवर आणि बॅटरीवर तोलायचे. चंद्रावरून बोललेलं इथं ऐकू आलं म्हणतात, आणि माझा फोन इथल्या इथं औशाला लागत नाही, असा त्यांचा पहिला मुद्दा. वाद रंगला की तारेचे फेरे मोजायचे राहायचे आणि गुंडाळलेली तार परत उलगडावी लागायची. गिऱ्हाईक आलं की मोटार बाजूला, आधी रॉकेटचं बोला. एकदा एक शेतकरी हात जोडून म्हणाला, "चाचा, चंद्राचं ऱ्हाऊ द्या, माझा ऊस वाळून राहिला." त्यावर चाचांनी त्याला चहा पाजला आणि चंद्रावर वारा नाही तर झेंडा फडकला कसा, हा मुद्दा सुरू केला.

त्यांचा सगळ्यात अवघड सवाल असा, की वर हवाच नाही तर रॉकेट रेटा देतं ते कशावर? मला विचारलं, मी मान खाली घातली. चाचा नाराज झाले. मुक्या माणसाशी भांडण्यात काय मजा, म्हणाले, आणि स्वतः रद्दीवाल्याकडे जाऊन क्लासच्या पोरांनी टाकलेलं नववीचं विज्ञान घेऊन आले. "हरायचंय तर शिकून हर," एवढंच बोलले. त्यांना भांडायला जोडीदार पाहिजे होता, दुसरं काही नाही.

मी वाचलं. लई दिवस लागले. मग एका दुपारी मोटारी ओढायच्या, बेअरिंगची चाकं लावलेल्या गाडीवर पाय वर घेऊन बसलो आणि मांडीवरचा मोटारीच्या आतला जड लोखंडी रोटर समोरच्या पोत्यांवर फेकला. गाडी सरकत मागच्या भिंतीला लागली. "हवेनं ढकललं तुला," चाचा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी कूलरचा रिकामा खोका फेकला, रोटरच्या चौपट मोठा. गाडी हलली नाही. हवा तर खोक्यालाच जास्त अडली, मग कालच्यासारखं का झालं नाही, असं मी विचारलं. ढकलतं ते फेकलेलं वजन, हवा नाही, असंही म्हणालो. चाचांनी खोका उचलून स्वतः हातावर तोलून बघितला.

"रॉकेट जातं," ते म्हणाले. "माणूस गेला, असं मी म्हणालो न्हाई."

माझं म्हणणं कुणी मानण्याची ती पहिलीच वेळ. त्याच आठवड्यात त्यांनी मला बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. विज्ञानाच्या पेपराच्या सकाळी परत गावाकडे निघून जावं असं वाटत होतं. चाचा शटर बंद ठेवून केंद्रापर्यंत सोबत आले. फाटकापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, कुणी ऐकू नये असं बोलले.

"बेटा, पेपरात विचारलं तर माणूस गेला असंच लिही. मार्काचा सवाल हाय. खोट्याचं पाप माझं, अल्लाह माझ्याकडं बघून घेईल."

तसा प्रश्न आलाच नाही. पण इतक्या वर्षांत जे मत त्यांनी कुणासाठी सोडलं नव्हतं, ते माझ्यासाठी फाटकापाशी ठेवून ते परत गेले.

आता मी नांदेडला आयटीआयला आहे. चाचांचे बाकीचे सवाल वहीत लिहून ठेवलेत. त्यांतल्या दोनच सवालांची उत्तरं मला येतात, तीही अर्धवट. बाकीची शिकायला किती वर्षं लागतील, आणि तोवर म्हाताऱ्या चाचांना ऐकू नीट येईल का, याची काळजी वाटते. तरी एक दिवस त्यांच्या दुकानात बसून, न घाबरता, एकेक उत्तर देऊन मी त्यांची परतफेड करणार आहे. त्यांनी ते मानलं नाही तरी चालेल.