दोन्ही अंगांनी कोरलेला दगड

खैरुद्दीन दुबईत जबल अलीच्या एका कारखान्यात तेवीस वर्षं दगडावर अक्षरं कोरत आलाय. रस्त्याकडेला उभे राहतात ते माहितीचे दगड, हे त्याचं खास काम. कोरतं मशीनच, पण अरबी अक्षरांच्या नुक्त्यांच्या, म्हणजे ठिपक्यांच्या कडा हातानं साफ करायला फोरमन त्यालाच हाक मारतो. लहानपणी मदरशात गिरवलेली अक्षरं अशी कामाला आली.

गेल्या हिवाळ्यात डोंगराकडच्या एका वादीतून, कोरड्या खोऱ्यातून ऑर्डर आली. एकाच टोळीच्या दोन शाखा तिथे कधीकाळी आपसात लढल्या होत्या. मेलेल्यांची नावं एकाच यादीत घालायची, कोण कुठल्या बाजूचा ते लिहायचं नाही, असं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं. अडलं ते पहिलं नाव कोणाचं यावर. मग त्यांनीच तोड काढली, दगड दोन्ही अंगांनी कोरायचा. इकडून येणाऱ्याला यांचा माणूस आधी दिसेल, तिकडून येणाऱ्याला त्यांचा. दगड रोवला त्या दिवशी म्हातारे एकाच थाळीत हात घालून जेवले. खैरुद्दीन क्रेनला टेकून बघत राहिला.

त्याचं गाव रत्नागिरीकडे, खाडीकाठी. नऊ वर्षांपूर्वी मशिदीच्या कमिटीवरून तिथे वरचा मोहल्ला आणि खालचा मोहल्ला एकमेकांना भिडले. तिठ्यावर दोन पोरं गेली. एक त्याचा मुलगा रुहान, वरच्या मोहल्ल्यातला, दुसरा धाकट्या भावाचा, अबुजरचा फहद. अबुजर लग्नानंतर खाली सासरवाडीला राहायला गेलेला, म्हणून फहद त्या बाजूचा. एरवी दोघं शाळेत एकाच डब्यातलं खायचे. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं खलास. गावात मशिदी दोन झाल्या, दुबईतल्या मंडळाचीसुद्धा दोन मंडळं झाली. रमजानात बर दुबईच्या एकाच गल्लीत दोन इफ्तार व्हायचे. खैरुद्दीन इंटरनॅशनल सिटीतल्या खोलीवर एकटाच रोजा सोडायचा.

जूनमध्ये त्याचा व्हिसा संपत होता. गावी जायचं, तर त्या तिठ्यावरून मान वर करून जाता यावं, एवढंच त्याला हवं होतं. फोरमनला विचारून त्यानं उरलेला एक जाड तुकडा घेतला आणि चार सुट्ट्या त्यावर घालवल्या. एका अंगाला रुहान, खाली फहद. दुसऱ्या अंगाला फहद, खाली रुहान. दोन्हीकडे तारीख एकच.

फोटो त्यानं अबुजरला पाठवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पाचव्या दिवशी उत्तर आलं, पाठव, बंदरातून मी उतरवून घेतो. त्या दिवशी खैरुद्दीननं खोलीतल्या सगळ्यांना स्वतः मटण करून घातलं. दगड कार्गोनं गेला.

मे महिन्यात अबुजरचा फोन आला. अबुजरची चिरेखाण आहे, दगड कापायची मशीन घरची.

"भाई, दगड मधोमध चिरला, कट साफ आलाय," तो म्हणाला. "एक कपची उडाली नाही. तुमच्या मोहल्ल्याचा अर्धा दगड तुमच्या मशिदीत पोचवलाय. आमचा आमच्या भिंतीत बसवला."

पाठोपाठ फोटो आला. फहदचं नाव ठळक, आणि त्याच्याखाली ग्राइंडर फिरवल्याचा पांढरा पट्टा.

खैरुद्दीननं बायकोला, साजिदाला फोन लावला. वरच्या मशिदीत बसवलेल्या दगडावर काय आहे, विचारलं. रुहानचं नाव आहे, ती म्हणाली. आणि खाली? खाली घासलंय, ती म्हणाली.

"फहदचं नाव कोणी घासलं, साजिदा?"

"मीच घासायला सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही तिकडे होतात. पोराला उचलून घरी मी आणलं."

  

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुठल्यातरी किल्ल्याच्या माहितीचा दगड टेबलावर चढवला होता. फोरमननं विचारलं, "खैरुभाई, दोनों साइड पॉलिश करना है?"

"एकच साइड," तो म्हणाला. "पीछे खडबडीत रहने दो. दोन्हीकडून गुळगुळीत असला, की कापायला सोपा जातो."