माठाखालचं हाउसिंग

त्या भंगारवाल्यावरचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही.

माझी पिकअप जुनी. आधीच्या मालकानं तिच्यात दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन बसवलेलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा घंटेच्या आकाराचा ओतीव डबा असतो, त्याला हाउसिंग म्हणतात. माझं फुटलं, तेव्हा इंजिन बदललेलं आहे हे मी गोंदियाच्या त्या भंगारवाल्याला बजावून सांगितलं होतं. त्यानं गाडीचं नाव विचारलं आणि त्या नावाचं हाउसिंग समोर टाकलं.

"आठ में से छह बोल्ट बैठेंगे. बाकी दो के छेद बढ़वा लो, दौड़ेगी."

धानाची पोती भरून दरेकसाचा चढ चढताना ते तडकलं. परत द्यायला गेलो, तर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "चलाना आता नहीं, माल को बदनाम करते हो."

हे बोलणं माझ्याआधी नवेगाव बांधच्या तलावावर पोचलं. तिथली मासळी माझ्या गाडीतून जायची; आता मासळीवाले दुसऱ्यांच्या गाड्या बोलावू लागले. मजुरी सोडून या एका गाडीवर मी उभा राहिलो होतो. ती बंद राहिली असती तर मी पुन्हा दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवत असतो.

गाडी खोलून बसलेला मिस्त्री म्हणाला, "इकून टाका जी. कायले जीव लावून राहिले या डब्बा गाडीले?"

"तू हातोडी दे गा. अक्कल माझ्यापाशी आहे."

इंजिनाच्या मागच्या तोंडावर मी खोक्याचा पुठ्ठा धरला आणि हातोडीच्या गोल टोकानं ठोकत गेलो. प्रत्येक भोकाच्या कडेनं पुठ्ठा कापला गेला. इंजिनानं स्वतःच आपलं माप दिलं. डब्याची खोली हवी होती वितीला दोन बोटं कमी. पुठ्ठा घेऊन मी गोंदियातली भंगाराची दुकानं पालथी घातली. कुठेच जुळेना. शेवटी त्याच भंगारवाल्याच्या दारात गेलो, तडकलेलं हाउसिंग खांद्यावर घेऊन.

"फिर आ गए भैया? अब क्या तोड़ा?"

दुकानात तिघे गिऱ्हाईक होते, ते हसले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातल्या माठाकडे नजर गेली. माठ एका उपड्या हाउसिंगवर ठेवलेला होता. त्याच्या कडेला बोल्टाच्या भोकांचे कान: एका अंगाला दोन एकमेकांना लागून, पलीकडे एक एकटा, पुठ्ठ्यावर होते तसेच. पुठ्ठा मला पाठ झाला होता. पाणी पिण्याच्या निमित्तानं वाकलो, हात टेकल्यासारखं करून वीत लावली. दोन बोटं कमी.

मग मी भडकलो. यात नाटक थोडं, राग खरा.

"सेठ, तुमच्या दुकानात माझ्या कामाचं एकच भंगार आहे, ते माठाखालचं. हे तडकलेलं ठेवा, ते द्या, हिशेब साफ. नाहीतर रोज येऊन इथंच ओरडेन."

तो पोट धरून हसला. "मटके का स्टैंड चाहिए इसको! ले जा भाई, सब गवाह हैं. बस मटका टिकना चाहिए."

"टिकेल. त्याला चढ चढायचा नाही."

मी स्वतः माठ उचलला, तडकलेलं खाली सारलं, माठ नीट बसवला. मग सुटलेल्या हाउसिंगवर सगळ्यांसमोर पुठ्ठा ठेवला. आठही भोकांतून खालची माती दिसली.

सेठनं पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रुको, इसका तो दाम..."

"गवाह आहेत," मी म्हणालो. तिघांपैकी एकानं मान डोलावली आणि उचलायला हातही लावला.

मिस्त्रीनं बोल्ट हातानंच फिरवत आत घातले, एकाही भोकाला कानस लावावी लागली नाही. दरेकसाचा चढ मी पोती भरूनच चढलो. पाहणाऱ्यांनी पाहिलं, ते बोलणंही नवेगावला पोचलं. आता मासळीचे क्रेट माझ्याच गाडीत चढतात.

माल उतरवून परतताना मी गाडी त्याच्या दारासमोर लावतो. इंजिन चालूच ठेवतो. सावकाश उतरतो, माठातलं पाणी पितो.

"पानी तो घर में भी होगा," तो गुरगुरतो.

"आहे ना. पण तुमचा स्टँड चांगला आहे, सेठ."