दोन साड्यांचा समुद्र

चार दिवसांच्या समुद्राला मी दोन साड्या घेऊन गेले होते. एक अंगावर, एक पिशवीत. आता आजी झाले, दात पडले, तेव्हा कबूल करायला हरकत नाही.

मी मूळची अकोल्याची. मे महिन्यात अकोल्याला साडी वाळत घालताना दोरीच्या त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाचा पदर कडक झालेला असतो. संध्याकाळी धुवायची, सकाळी नेसायची, हा माझा हिशेब. त्याचा तोरा एवढा, की बाकीच्यांच्या फुगलेल्या बॅगा पाहून मी नाक मुरडत होते. समुद्राकाठची हवा आधीच ओली असते, ती माझ्या साडीचं पाणी कुठं ठेवणार? एवढं पंचावन्न वर्षांच्या बाईला कळू नये? आणि बाई कोण, तर चौथीच्या पोरांना बाष्पीभवन शिकवणारी.

मला आधी सावध करणारी एकच होती. आमच्या शाळेत ती माझ्या शेजारच्या वर्गावर होती आणि आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो. ती मात्र आम्हा सगळ्यांना मॅडम म्हणायची.

तुम्ही कुणी तिला गावाला निघताना पाहिलं असतं, तर आधी हसलाच असता. पिशवी भरून झाली की ती उजव्या हातात घ्यायची आणि अंगणात तीन चकरा मारायची. मधेच हात बदलावासा वाटला तर थांबायची, पिशवी उघडायची, एक वस्तू काढून ओट्यावर ठेवायची आणि पहिल्यापासून तीन चकरा.

“हे काय चालवलंय, ताई?”

“अवो मॅडम, पिशवी आपुन न्याची असते. तिनं आपल्याले नाही.”

ती दर्यापूरहून रोज काळीपिवळी जीपनं वलगावला शाळेत यायची. दहा माणसांच्या गाडीत पंधरा माणसं, त्यात एखादी भाजीची टोपली आणि मांडीवर कुणाचं तरी लेकरू. तशा गाडीतून उतरूनही तिच्या साडीच्या निऱ्या जागेवर असायच्या. मी अमरावतीहून ऑटोत एकटी बसून यायचे, तरी शाळेत पोचेपर्यंत माझा अवतार पाहण्यासारखा व्हायचा.

सामान भरण्याची विद्या ती निवडणुकीच्या ड्युटीवर शिकली होती. एकदा आम्ही पाच बाया एका आडगावच्या शाळेत मुक्कामाला होतो. माझ्या सुटकेसमध्ये हातआरसा होता, कोल्ड क्रीम होतं, दोन मासिकं होती. तिथल्या मोरीला दारच नव्हतं. आम्ही एकमेकींकडे पाहत उभ्या. ताईनं पिशवीतून दोन खिळे काढले, दगडानं ठोकले, सुतळी बांधली आणि स्वतःची चादर टांगली. पाचही जणींच्या अंघोळी झाल्या. सगळ्यात शेवटी ती गेली. तेव्हा बादलीत दोन तांबे पाणी उरलं होतं, हे मला दुसऱ्या कुणीतरी नंतर सांगितलं. मी बाहेर आरशात पाहून टिकली लावत होते.

त्या उन्हाळ्यात आम्ही आठ शिक्षिकांनी कोकणात जायचं ठरवलं. निघायच्या आधी ताईनं रिकाम्या वर्गाच्या फळ्यावर यादी लिहिली. अक्षर तिचं छापल्यासारखं. लवकर वाळणारं लुगडं घ्या, जाड सुती नको. रबरी चप्पल. टोपी. मीठ-साखरेची पुडी. ओल्या कपड्यांना प्लास्टिकची वेगळी थैली. सोनं घरी ठेवा. आणि खाली दोनदा अधोरेखित करून, चार दिवसांना चार जोड.

मी खडू घेतला, शेवटचं ‘चार’ पुसलं आणि ‘दोन’ लिहिलं. सगळ्या हसल्या. तीही हसली.

“अकोल्याचं ऊन संग घेऊन चालल्या का मॅडम?”

मी म्हटलं, “हो, डब्यात भरून!”

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिनं मला मागं थांबवलं. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कथ्थई रंगाचा पंजाबी ड्रेस. एकोणिसाव्या वर्षी लग्न झाल्यापासून तिनं साडीशिवाय काही अंगाला लावलं नव्हतं. शिंप्याला सांगितलं होतं, पोरीसाठी हवाय, पण ढगळ शिव.

“हे कशाला?”

“समुद्रात जायले.”

“अहो, पाय भिजवायला ड्रेस कशाला लागतो?”

तिनं दाराकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली. “घोट्याइतकं पाणी तं आपल्या पेढी नदीत बी असते. मले छातीपर्यंत जायचं हाये. तीस वर्षं झाली पोराईले लाटा शिकवून राहिली मी. एका पोट्ट्यानं इचारलं, बाई, लाट आली का आंगाले कसं वाटते? मी म्हटलं, बस खाली. काय सांगू त्याले?” आणि मग एकदम, “हसू नका.”

मी हसले नाही. म्हणजे तिच्यासमोर नाही.

समुद्राकाठी आम्ही एका बाईंच्या घरी उतरलो. नारळी-पोफळीच्या दाट सावलीतल्या दोन खोल्या, आणि दोन मिनिटांवर वाळू. पोचल्याबरोबर मी घोड्यासारखी धावत पाण्यापर्यंत गेले आणि कमरेपर्यंत भिजून आले. संध्याकाळी साडी धुतली, सावलीतल्या दोरीवर टाकली. सकाळी पाहते तर तशीच. खाऱ्या पाण्याचं मीठ तिच्यात राहिलं होतं, ते हवेतलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेत होतं. दुसऱ्या दिवशी दुसरी साडी नेसून किल्ला पाहायला गेले, तिथं खडकावर एक लाट अंगावर आली. झालं. अकोल्याचं ऊन माझ्याबरोबर आलेलं नव्हतं.

घरमालकीण बाई शिस्तीची होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, “साडी नेसून आत जायचं नाही हां. पायात गुंडाळते, मग माणूस उठत नाही. परवा सकाळी पाणी शांत आहे, सात वाजता जा. भरती लागली की मी हाक मारीन. मग एकीनंही आत थांबायचं नाही.”

ती परवाची सकाळ म्हणजे आमचा तिथला शेवटचा दिवस, चौथा गाडीतच जाणार होता. ताई पहाटे उठून तयार होती. बाकीच्या सहा जणी आधीच काठावर गेल्या होत्या, बॅगांना कुलपं लावून. मी खोलीत चादर गुंडाळून बसले होते, दोन ओल्या साड्यांची मालकीण. ताईचा एक ब्लाउज घालून पाहिला, तो माझ्या दंडातच अडकला. मग मी काय केलं असेल? रडले. पंचावन्न वर्षांची घोडी हमसून हमसून रडले, की सगळ्या समुद्रावर आणि मी एकटी इथं.

ताईनं घालायला काढलेला कथ्थई ड्रेस माझ्या मांडीवर ठेवला.

“घ्या. ढगळ हाये, तुमाले होईन. धा मिनिटं जा, मंग मले द्या.”

“आणि तुम्ही?”

“मी बसतो ना काठावर. धा मिनिटाचं तं काम हाये.”

मी एकदाही नको म्हटलं नाही. खरं लिहायला बसले आहे तर हेही लिहिते. नको म्हणायचं मला सुचलंच नाही.

पाण्यात गेल्यावर मी कोण, कुठली, किती वर्षांची, सगळं विसरले. पायात साडी नाही, डोक्यावर पदर नाही. लाट आली की उडी मारायची, गेली की किंचाळायचं. एकदा मागं वळून पाहिलं. काठावर ताई बसली होती. भोवती आठ जणींच्या चपला, मांडीवर आमचे चष्मे. तिनं हात वर केला, हलवला. मला वाटलं, टाटा करते आहे. मीही दोन्ही हात हलवले आणि पुन्हा लाटेकडे तोंड केलं.

मालकीण बाईची हाक आली तेव्हा आठ वाजून गेले होते.

धावत बाहेर आले आणि ताईसमोर उभी राहिल्यावर मला ती दहा मिनिटं आठवली. “चला ताई, लगेच बदलू, पाच मिनिटं जाऊन या,” मी म्हटलं. मालकीण बाई म्हणाली, “आता नाही. भरती लागली. पाऊलसुद्धा नाही.” ताईनं माझा चष्मा माझ्या हातात दिला.

“राहू द्या मॅडम. समुद्र काई पळून नाही चालला. पुढच्या खेपेले.”

खोलीवर आल्यावर तिनं ड्रेस गोड्या पाण्यातून काढला, पिळला, प्लास्टिकच्या थैलीत घातला. दुपारी निघताना पाहते तर माझ्या दोन्ही साड्या कडकडीत वाळलेल्या. मालकीण बाईनं त्या पत्र्यावर उन्हात टाकल्या होत्या. सकाळचे चार तास मी चादरीत गप्प बसले असते, तर एवढंच पुरेसं होतं.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. गाडी सुटल्यावर म्हणाली, “आता सांगा.”

“काय?”

“कसं वाटते ते. पायाखाली काय लागते?”

मी सांगायला लागले. वाळू पायाखालून कशी निसटते, टाच कशी खाली जाते. लाट उचलते तेव्हा आपलं वजन कसं नाहीसं होतं.

“उचलते म्हंजे कसं उचलते? नीट सांगा ना. घाई काय हाये?”

मी नीट सांगितलं. लहानपणी वडील काखेत हात घालून उचलायचे, तसं. आणि मग हळूच पुन्हा जमिनीवर ठेवते. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली, म्हणून थांबले. तर डोळे न उघडता म्हणाली, “मंग?”

आमचं बडनेरा स्टेशन येईपर्यंत मी तो समुद्र तिला तीनदा सांगितला असेल.

पुढच्या खेपेचं काय झालं, ते विचाराल. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघीच जाणार होतो. आठ दिवस आधी माझ्या नातवाचं बारसं ठरलं. मी फोन केला तेव्हा तिची पिशवी भरून चकरा मारून झाल्या होत्या. “बारशाले तं जाच लागते,” ती म्हणाली. बारसं दोन दिवस इकडं-तिकडं करता आलं असतं. मी सुनेला तसं विचारलंही नाही. त्यानंतर तिच्या मिस्टरांना अर्धांगवायू झाला, तिनं पाच वर्षं त्यांचं सगळं केलं. मग टाळेबंदी. ते गेले. आणि समुद्राचं पुन्हा काढावं, तोवर तिचंच दुखणं निघालं.

उपचार अकोल्याला होते, तिची मुलगी तिथं नोकरीला म्हणून. मी अमरावतीहून बसनं भेटायला जायचे. माझं लक्ष आपोआप तिच्या खाटेखालच्या पिशवीकडे जायचं. दर खेपेला ती पिशवी लहान झालेली असायची. आधी दोन गाऊन, शाल, पुस्तक, तेलाची बाटली. मग पुस्तक गेलं. मग कंगवा गेला, कारण केसच नव्हते. शेवटी भेटले तेव्हा एका हातरुमालाएवढ्या थैलीत चष्मा आणि कवळी.

“पाहा मॅडम,” ती म्हणाली, “आता हात बदलाच नाई लागत.”

मला त्या दिवशी बोलायचं होतं. बसमध्ये सगळी वाक्यं जुळवून आणली होती. पण तिच्यासमोर बसल्यावर मी नेहमीसारखा विनोद केला. म्हटलं, “लवकर बऱ्या व्हा, यावेळी मी चार साड्या आणते.” ती हसली. हसताना तिला खोकला आला, नर्स आली, आणि माझी भेटीची वेळ संपली.

होळीच्या आधी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी दर्यापूरला गेले. बुद्धवंदना झाली, दोन जण तिच्याबद्दल बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी मोरीला टांगलेल्या चादरीची गोष्ट सांगितली, लोकांनी डोळे पुसले. समुद्राची गोष्ट मी सांगितली नाही.

जेवणं सुरू झाल्यावर तिची मुलगी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, इथं शांत बसा म्हणाली. बाहेर अंगणात ताईची सात-आठ वर्षांची नात पंगतीत मीठ वाढत होती. मुलीनं माझ्यापुढं ताट ठेवलं. मग मी सगळं बोलून टाकलं. दोन साड्या, चादर, ड्रेस, दहा मिनिटं. तिनं केलेला हात आणि मी उलट हलवलेले दोन हात. म्हटलं, “तुझ्या आईला एकदाच छातीभर पाण्यात उभं राहायचं होतं. ते माझ्यामुळं राहिलं.”

मुलगी वाटीत वरण घालत होती. तिनं अंगणाकडे पाहिलं, उठली, दार पुढं ओढलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“मावशी,” ती हळू आवाजात म्हणाली, “आईनं तं घरी येऊन सांगतलं होतं का थे छातीभर पाण्यात उभी राह्यली म्हणून. लाट कशी उचलते, कशी खाली ठेवते, सारं सांगे. माही पोरगी तेच आयकत झोपे. तिले नका सांगू.”