तिसरी पिन

"लाईट आली ना? मंग झालं तर!"

पक्कड खिशात कोंबत आमचा वायरमन एवढं म्हणाला की काम संपलं. जाफराबादेत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराची वायरिंग त्याच्या हातची. टेस्टर त्याच्या खिशाला कायम अडकवलेला, पण तो शोभेला. वायरीत वीज आहे का हे तो बोटांच्या पाठीने बघायचा. उलटा हात लावायचा, झटका बसून हात मागे आला की दात काढायचा. "हाये, हाये. जित्ती हाये."

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. लोकांना तो फार आवडतो. हाक मारली की येतो, कुणाला नाही म्हणत नाही, चहात साखर जास्त मागतो. मला तो आवडत नव्हता. मी चौथी शिकलेली बाई, विजेतलं मला काय कळतं, असं लोक म्हणतात. डोळे तर आहेत.

आमच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला तेव्हा वायरिंग त्यानेच केली. लाल वायर लावली, काळी लावली. हिरवी उरली.

"ही कुठं जाती रे?"

"अर्थिंगची हाये, मावशी. तिला जमिनीत खड्डा लागतो. कोळसा, मीठ, पाइप. कशाला खर्चा करून राह्यल्या?"

"मंग दिली कशाला?"

"कंपनीवाल्याला रंग आवडतात!"

गवंडी हसले. ती हिरवी वायर तो घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात तिच्यावर लुगडी वाळत होती. त्याची बायको बोलायला फटकळ होती. कपडे झटकता झटकता ओरडायची, "दुनियेच्या घरी उजेड पाडतो, अन् माझ्या सैपाकघरातला बोर्ड लोंबकळून राह्यला!" मला ती आवडायची.

कूलर, फ्रिज, काहीही नवीन आणा, प्लगला तीन पिना असतात. वरची जाड पिन अर्थिंगची. त्याने बसवलेल्या बोर्डाला दोनच भोकं, त्यात ती मावायची नाही. मग तो पक्कड काढायचा आणि ती पिन मोडायचा. कडाक. दाढ उपटावी तशी. गल्लीतल्या साऱ्या प्लगांच्या दाढा त्याने अशाच काढल्या, आणि लोकांनी त्याला वर चहा पाजला.

उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येक खिडकीला पत्र्याचा कूलर असतो. त्यात पाणी घालायचं काम घरातल्या बाईचं. त्या दुपारी तो दुसऱ्याच्या घरी पंखा बसवत होता. त्याच्या बायकोने बादली उचलली आणि चालू कूलरमध्ये पाणी ओतलं. पाय अनवाणी, खाली फरशी ओली. आतली वायर खरवडून पत्र्याला लागलेली होती. तिचा हात पत्र्याला चिकटला तो सुटलाच नाही. त्या कूलरची पिनही त्यानेच मोडलेली.

भेटायला गेलेल्या बाया म्हणत होत्या, "वेळ आल्ती बिचारीची."

माझं डोकं फिरलं. "वेळ कशाची? पिन मोडली ह्यानं!"

त्याची बहीण म्हणाली, "मावशी, आत्ता बोलायचं का हे?"

"मंग कवा बोलू? दुसरी मेल्यावर?"

तो भिंतीला टेकून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "बराबर बोलून राह्यल्या त्या."

तेरावा झाला आणि तो पहार घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "खड्डा कुठं करू, मावशी?"

कमरेपेक्षा खोल खणला. पाइप उभा केला, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर. खणता खणता सांगत होता, "पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायाला वाट पाहिजे. वाट न्हाई दिली तर ती माणसातून जाती. अन् कुणाला धरलंच तर हात लावू नका. वाळक्या काठीनं झटका."

"हे तुला आधी ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

मग मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. मेल्या, मुडद्या, सगळं. त्याची पहार थांबली नाही. पाइपापासून घरातल्या बोर्डापर्यंत नवी हिरवी वायर ओढून, तीन भोकांचा बोर्ड आणि नवे प्लग लावून झाल्यावर मी बटन दाबलं. दिवा लागला. तो आपलं नेहमीचं वाक्य म्हणेल म्हणून मी वाट बघितली. तो म्हणाला, "उन्हाळ्यात ह्या खड्ड्याला रोज पाणी घालत जा. कोरडा पडला तर बिलकुल कामाचा न्हाई."

मग तो घरोघर हिंडला. फुकट खणून देतो म्हणाला. समोरच्या घरी नुकतीच अंगणात फरशी बसवली होती. मालक म्हणाला, "फरशी फोडू देणार न्हाई. आमची लाईट चालू हाये ना? मंग झालं तर!" सगळे हसले. तो पहार धरून तसाच उभा राहिला. मला तेव्हा त्या मालकाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. अजून वाटते.

कुणी म्हणालं, बायको मेलेल्याच्या हातचा खड्डा दारात नको. कुणी म्हणालं, डोकं फिरलंय. त्यानेही हट्ट धरला. पंख्याला बोलवा, फ्यूजला बोलवा, "आधी खड्डा, मंग लाईट." मग गल्लीने दुसरा वायरमन शोधला. तो जाड पिन मोडून देतो, काही विचारत नाही. पिना मोडत होता तोवर हा शहाणा होता. खड्डे खणायला लागला तेव्हा वेडा ठरला. अशी आमची गल्ली.

एक दिवस त्याच्या दाराला कुलूप दिसलं. कुणी म्हणतं बहिणीकडे गेला, कुणी म्हणतं जालन्याला कारखान्यात लागला. विचारायला कुणी गेलं नाही. हिरवी वायर अंगणात तशीच ताणलेली आहे. तिच्यावर आता काही वाळत नाही.

उन्हाळा लागला की मी रोज खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते. समोरच्या घरची सून त्याच वेळी कूलरमध्ये पाणी घालायला येते. अनवाणी. हसते. "मावशी, काय पेरलं तिथं?"

"बटन बंद कर आधी!"

"काय होत न्हाई हो, मावशी."

ती बादली उचलते. मी माझी खाली ठेवते, दाराआडची वाळकी काठी हातात घेते, आणि तिची बादली रिकामी होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहते.