दाराशी बसलेली मृगा

चाकणच्या चौकात ट्रेलरच्या रांगेमागे गाडी उभी होती, तेव्हा अरविंदच्या घरून सुनीतावहिनींचा फोन आला. "हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. पुढची रांग सरकली, मागून हॉर्न वाजू लागले, आणि मला गाडी पुढे घ्यायचं सुचेना... त्याला आता महिना उलटून गेला.

अरविंद सातपुते म्हणजे 'क्षारभूमी' या अद्भुतकथामालेचा लेखक. मला तो भेटला चाकणच्या एका कंपनीत. बीडकडून आलेला, टूलरूममध्ये कामाला, मी परचेसमध्ये. जेवणाच्या सुट्टीत तो नद्या खारट झालेल्या एका राज्याच्या गोष्टी सांगायचा आणि माझा घास हातातच राहायचा. पुढे त्याची चार पुस्तकं आली, लोकांनी ती पानं सुटेपर्यंत वाचली. त्याच्या नादानं मीही ऐतिहासिक कादंबऱ्या लिहू लागलो. चौथ्या भागाच्या शेवटी त्याची नायिका मृगा विस्मृतीच्या नगराच्या बंद दाराशी पोचते. दारापलीकडे तिचा हरवलेला भाऊ आरण आहे. पण त्या नगरात गेलेल्याला मागचं काहीच आठवत नाही. तिथे मालिका थांबली ती थांबलीच. अरविंद निवृत्त झाला, निगडीच्या घरात त्याचे हात थरथरू लागले. पाचवा भाग कधी, असं कुणी विचारलं की तो हसून विषय बदलायचा.

शेवटी प्रकाशकांनी मला गळ घातली, तुम्ही त्यांच्या जवळचे, सोबत बसून पुस्तक पुरं करा. मी हे अरविंदच्या कानावर घातलं, तर तो कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. माझी माणसं दुसऱ्याच्या तोंडानं बोलणार असतील तर मुकी राहिलेली बरी, असं तो वहिनींना म्हणाला होता. त्याचं मन वळलं ते निगडीतल्या एका वाचक मेळाव्यात. तळवड्याला आयटीत नोकरी करणारी एक बाई उठली. शाळेत असताना ती आणि तिचे वडील मिळून ही पुस्तकं वाचायचे. शेवट न कळताच वडील गेले, असं तिनं सांगितलं. बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. परतताना अरविंद माझ्यासोबत रिक्षात होता. उतरताना म्हणाला, "उद्यापासून ये."

मी एक प्रकरण लिहून नेलं. मृगा दार फोडते, भावाला मिठी मारते, त्याला सगळं आठवतं. अरविंदनं डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं. "छान लिहिलंस," तो म्हणाला, "पण हे खोटं हाय गड्या." मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो धाकट्या भावाबद्दल बोलला. मोहन तरुणपणी कामाच्या शोधात घराबाहेर पडला, तो परत आलाच नाही. आई जाईपर्यंत त्याच्या वाटेकडे डोळे लावून होती. 'क्षारभूमी' सुरू झाली ती त्याच्यापायी. "तो उद्या समोर आला तर मी पहिलं काय बोलीन, तेच मला ठाऊक न्हाई," अरविंद म्हणाला. "ते कळल्याबिगर हे दार कसं उघडू?"

माझं प्रकरण तिथेच संपलं. त्यानंतर तो सांगायचा आणि मी टाइप करायचो, शब्द सगळे त्याचे. कधी दुपारभरात एक परिच्छेद व्हायचा, कधी तोही नाही... थंडी सुरू झाली त्या सुमारास मृगा दाराला पाठ टेकून बसली. अरविंद खुर्चीत मागे टेकला. मग अगदी हळू, शेजारी बसलेल्याला विचारावं तसं, म्हणाला, "जेवलास का रं?" मी ते मृगाच्या तोंडी तसंच उतरवलं. त्याचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. आरण काय म्हणतो ते पुढच्या वेळी सांगतो, म्हणाला. पण छातीत कफ झाला, त्याचा न्यूमोनिया झाला. दवाखान्यात मी पुस्तकाचा विषय काढला नाही, त्यानंच काढला. "पुढचं कुणाला लिहायचं असंल तर लिहू दे. पण त्याच्या स्वतःच्या नावानं. माझ्या नावाखाली नको."

आता प्रकाशक म्हणतात, एकच प्रकरण उरलंय, तेवढं तुम्ही लिहा. वहिनींनाही आधी तसंच वाटत होतं. मी नाही म्हटलं. पाचवा भाग मृगाच्या प्रश्नापाशी संपेल. त्या तळवड्याच्या बाईला हे पुरेसं वाटेल का, याचा विचार मनातून जात नाही, आणि जावा असंही वाटत नाही.

गेल्या रविवारी दुपारी निगडीला गेलो होतो. वहिनी शेंगदाण्याची चटणी करत होत्या. दाणे, लसूण, तिखट भांड्यात घालून त्यांनी झाकण लावलं, हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. दुपारी अरविंद सांगत असे, तेव्हा घरात मिक्सर लावायचा नाही, हा तिथला नेम. त्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वहिनींनी एकदा तिकडे पाहिलं, भांडं बाजूला सरकवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "थोड्या वेळानं करते."