ओला टॉवेल

पोलीस ठाण्यात त्यांना सगळे सीलबाबा म्हणत. चोरी असो, मारामारी असो की बंद घरातला मृत्यू, खोली ताब्यात घ्यायची म्हटली की त्यांनाच बोलावणं जाई. कुलपाला कापड गुंडाळायचं, वरून सुतळी आवळायची, लाख वितळवून गाठीवर ओतायची आणि ती गरम असतानाच पितळी शिक्का दाबायचा, हे काम ते देवपूजेच्या निष्ठेने करीत. "बाबा स्वतःच्या जेवणाच्या डब्यालासुद्धा सील मारून आणतात," अशी ठाण्यात थट्टा चाले. "मारतो तर. तुमच्यासारखे भुरटे आहेत ना आजूबाजूला," असं म्हणून ते डबा उघडत.

सील मारण्याहून अवघड काम त्याच्या आधीचं असे. दारात उभं राहायचं आणि कुणालाही आत सोडायचं नाही. घरच्या बायका आत धावत, म्हातारे बाप हात जोडत. सीलबाबा आडवे हात करून हळू आवाजात सांगत, "ताई, रडा, मन मोकळं करा. पण उंबऱ्याच्या बाहेर. आत पाय पडला तर ज्याने हे केलं त्याचाच फायदा." या वाक्यापुढे माणसं थांबत.

नव्या शिपायांना ते दोनच गोष्टी शिकवीत. पहिली, खोलीतलं काही हलवायचं नाही. दुसरी, ओलं कापड बंद करायचं नाही. एकाने एकदा भिजलेला सदरा तसाच पिशवीत घालून सील केला होता. कोर्टात पिशवी उघडली तेव्हा आत नुसती बुरशी होती. "शिळ्या अन्नाचा डबा आठवडाभर झाकून ठेवशील का रे घरी? मग कापडाने काय पाप केलंय? आधी सावलीत वाळव, मग बांध," असं त्यांनी त्याला झापलं होतं.

त्यांना एकच मुलगा होता. छापखान्यात कामाला लागून त्याला वर्ष झालं होतं. अंघोळ करून आला की ओला टॉवेल पलंगावर फेकायचा, ही त्याची लहानपणापासूनची खोड. आई रोज ओरडे, "उशी भिजते रे, दोरी काय शोभेला बांधलीय?" आणि तो रोज म्हणे, "उद्यापासून." एके सकाळी तो असाच टॉवेल फेकून सायकलने कामावर निघाला, तो छापखान्यात पोचलाच नाही. घरीही आला नाही. मित्र, नातेवाईक, दवाखाने, सगळीकडे शोधून झालं. सायकलचाही पत्ता लागला नाही.

सीलबाबा घरी आले आणि ठाण्यातला पितळी शिक्का घेऊन मुलाच्या खोलीपुढे उभे राहिले. बायको म्हणाली, "निदान तो टॉवेल तरी वाळत घालू द्या."

"हात लावू नकोस. आहे तसं राहू दे. कुणी त्याच्या वाईटावर असेल, कुणी घरात येऊन गेलं असेल, तर ते इथेच सापडेल."

त्यांनी खिडक्या लावल्या, कुलूप घातलं, लाख ओतली. त्या घटकेला त्यांना स्वतःचा पहिलाच नियम तेवढा आठवला.

साहेबांनी तक्रार नोंदवून घेतली, पण खोली बघायला कुणी आलं नाही. "बाबा, सज्ञान मुलगा आहे. रुसून गेला असेल, येईल," असं साहेब म्हणाले. सीलबाबा वाट बघत राहिले. रोज ठाण्यात जाताना आणि परतल्यावर ते दारावरची लाख बोटाने चाचपून पाहत.

काही आठवड्यांनी बायको त्या दारापाशी बसली आणि म्हणाली, "अहो, मला फक्त त्याची उशी द्या. उशाशी घेऊन निजते."

"तपास होऊ दे. कुत्रं आणलं तर त्याला त्याच उशीचा वास द्यावा लागतो."

"म्हणजे कुत्र्याला द्यायचा आणि आईला नाही?"

पुढे तिने उशीचं नाव काढलं नाही. जेवण वाढी, कपडे धुई, आणि त्या दारावरून जाताना पदर सावरून घेई, जणू आत कुणी निजलं आहे आणि त्याला जाग येऊ नये.

पावसाळा गेला. दुसराही गेला. साहेबांची बदली झाली. नवे साहेब तरुण होते आणि मनाने मऊ होते. सीलबाबांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. साहेब म्हणाले, "चला बाबा, आज मी स्वतः येतो."

शिक्का जसाच्या तसा होता. साहेबांनी तो फोडला, दार ढकललं, आणि कोंदट वास अंगावर आला. भिंतीला ओल धरली होती. कोपऱ्यातल्या शर्टांवर पांढुरकी बुरशी होती. टॉवेल काळा पडून उशीला चिकटला होता आणि उशी आतपर्यंत सडली होती. साहेबांनी नाकाला रुमाल लावून कपाट पाहिलं, टेबलाचा खण पाहिला, गादी उचलून पाहिली.

"बाबा, इथे काही नाही," ते म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते पुढे म्हणाले, "खोली मात्र तुम्ही चोख राखलीत हं." आणि ते निघून गेले.

बायको आत गेली. तिने उशी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाशी धरली आणि जराशाने परत पलंगावर ठेवली. "त्याचा वास नाही हो येत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सीलबाबांना बरं वाटलं असतं.

तिने उशीपासून टॉवेल सोडवला. तो मोरीवर नेऊन पुन्हा पुन्हा घासला. डाग निघाले नाहीत. मग तो पिळून, झटकून तिने मुलाच्या खिडकीसमोरच्या दोरीवर पसरला आणि चिमटे लावले. परत आली तेव्हा सीलबाबा दारातच उभे होते.

"या की आत. आता कुणाचं काय बिघडणार आहे?"

त्यांनी एक पाय उचलला आणि तो तिथेच परत टेकवला. मग चौकट धरून ते खाली बसले आणि रडू लागले, उंबऱ्याच्या बाहेर.